झिजेचा होलोग्राम

आमच्या भाडेकरारात एक कलम होतं: खालून घंटा वाजली की भाडेकरूंनी जिथे असतील तिथे बसून राहावं आणि दुसऱ्यांदा घंटा होईपर्यंत हलू नये. वकिलाने ते टाइप करताना दोनदा विचारून घेतलं म्हणे. घरमालकांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. माझ्या नवऱ्याने सही केली, कारण बडोद्याच्या कारेलीबागेत गच्चीसकट अख्खा वरचा मजला आम्हाला दुसरीकडे परवडणार नव्हता. मी सही केली, कारण मला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

गंमत कसली! सामान आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनला घंटा झाली. शाळेत असते तशी, पितळी, टोला मारायची. मी स्टुलावर चढून माळ्यावर डबे सरकवत होते. म्हटलं, वाजू दे. दोन मिनिटांत घरमालक अनवाणी, पाय न वाजवता जिना चढून वर आले आणि दारात उभं राहून अगदी हळू म्हणाले, "बेन, तुम्ही चालताय."

"चालतेय म्हणजे? घर लावतेय."

"खाली दिसतंय ते."

"ऐकू येतंय का?"

"ऐकू आलं असतं तर चाललं असतं," ते म्हणाले. "दिसतंय."

आणि गेले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, संध्याकाळी वाटीभर शेव घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस हं. मी सदतीस वर्षं बसतेय."

घरमालकांना सगळी सोसायटी काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणेन. ते प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात मापं तपासणाऱ्या खात्यात होते. एखादा दांडा केसाच्या किती भागाने जाड आहे, हे सांगणं त्यांचं काम. आयुष्यभर रेल्वेची नोकरी केली, पण रेल्वेचं क्वार्टर घेतलं नाही. का, तर गाडी गेली की जमीन हलते. रोज सायकलीवरून कारेलीबाग ते प्रतापनगर जायचे आणि यायचे, पण घर बांधलं ते रुळापासून लांब. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पलटणीत शिपाई होते. त्याचा त्यांना अभिमान होता की नुसताच वाद घालायला उपयोग होता, कोण जाणे. मला म्हणायचे, "सावधानमध्ये उभं राहणं आमच्या रक्तात आहे. तुमच्या खानदेशात ती सवय नाही."

"आमच्या खानदेशात माणसं कामं करतात," मी म्हणायची. मी माहेरची जळगावची, ऐकून घेणारी नव्हे.

ह्या सगळ्या बसवाबसवीचं कारण त्यांच्या मागच्या खोलीत होतं. तिथे स्कूटरच्या चार ट्यूबा अर्धवट हवा भरून ठेवलेल्या, त्यांवर सिमेंटची लादी, लादीवर लाकडी चौकटीत वीतभर वाळू. वाळूत पाइपचे तुकडे खोचलेले, त्यांवर आरसे नि भिंगं. एका टोकाला लांबट नळीचा लाल लेझर, कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या भंगारातून आणलेला. भिंतीवर त्या लेझरने लाल बारीक रेघा पाडून ठेवल्या होत्या. वरच्या मजल्यावर कुणी पाऊल टाकलं की त्या रेघा थरथरायच्या. ते "दिसतंय" म्हणाले होते ते हे. मला स्वतःला उभं करून, नवऱ्याला वर चालायला लावून त्यांनी ते दाखवलं. नवरा रिफायनरीतली रात्रपाळी करून आलेला, झोप सोडून बिचारा वर येरझाऱ्या घालत होता आणि खाली आम्ही दोघं त्याच्या पावलांच्या रेघा बघत होतो.

त्या खोलीत काका होलोग्राम करायचे. धंदा म्हणून नाही. कुणी विचारलं कशासाठी, तर म्हणायचे, "तुम्ही फोटो कशासाठी काढता?"

बाहेरच्या खोलीत भिंतीवर काचा लावलेल्या होत्या. बघाल तर नुसत्या धुरकट, रिकाम्या. मग काका वरचा दिवा लावायचे आणि त्या काचेच्या पलीकडे, भिंतीच्या आत म्हणा ना, वस्तू उभी राहायची. काकूंची किसणी. कुलूप. दाढीचा वस्तरा. डोकं डावीकडे नेलं की वस्तऱ्याची डावी बाजू दिसायची, उजवीकडे नेलं की उजवी, आणि खाली वाकलं तर किसणीच्या भोकांतून पलीकडचं दिसायचं. येणारा प्रत्येक माणूस काचेमागे हात घालून बघायचा. मीही घातला. काका घड्याळ बघत उभे होते. "नऊ सेकंद," म्हणाले. "शिकलेली माणसं जास्त वेळ घेतात. पण घालतात सगळेच."

काचांना बोट मात्र लावू द्यायचे नाहीत. त्या पुसायचे तेच, मलमलीने, श्वास रोखून. एकदा माझ्या नणंदेने कौतुकाने किसणीवर बोट टेकवलं, तर तिच्यासमोरच काच उतरवून घेऊन आत गेले. नणंद आजही तो अपमान काढते.

होलोग्राम म्हणजे काय, हे त्यांनी मला काकूंच्या परातीत शिकवलं. परातीत पाणी घेतलं, दोन बोटं दोन ठिकाणी बुडवून हलवायला लागले. दोन्हीकडून वर्तुळं निघाली, एकमेकांत शिरली आणि मधे पाण्यावर जाळी उठली.

"ही जाळी अशीच्या अशी गोठवता आली तर?" ते म्हणाले. "मग तिच्यावरून सांगता येईल की बोट कुठे होतं. फोटोत उजेड किती आला तेवढंच येतं. ह्यात उजेड कुठनं आला तेही येतं. लेझर काचेतून आरपार जातो, पलीकडच्या वस्तूवर आपटतो आणि परत येतो. जाणारा उजेड नि येणारा उजेड काचेत भेटतात. त्यांची जाळी काचेवरच्या लेपात उमटते. नंतर साधा दिवा लावा, काच तोच उजेड परत देते. वस्तू नसली तरी."

"आणि हलायचं का नाही?"

"कारण ती जाळी इतकी बारीक असते की केसाच्या शंभराव्या भागाइतकं काही हललं तरी पुसली जाते. जे हललं ते दिसत नाही. त्याच्या जागी अंधार येतो."

कणीक मळायची परात होती ती. काकू मागे उभ्या राहून म्हणाल्या, "झालं असेल तर द्या. पोळ्या व्हायच्यात."

होलोग्राम म्हटलं की आपल्याला औषधाच्या खोक्यावरचा चमचमता चौकोन आठवतो. काकांना त्या चौकोनाचा राग होता. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले की प्रत्येक खोकं उजेडात तिरकं करून बघायचे. चित्र मागेपुढे सरकलं तर घ्यायचे. नुसते रंग बदलले तर परत. "ह्याला खोली नाही. हा नुसता वर्ख आहे, मिठाईवर लावा," म्हणायचे. औषधवाला हात जोडायचा, "काका, दवा लेवी छे के फिल्लम जोवी छे?" औषध घ्यायचंय की सिनेमा बघायचाय? मागे रांग लागलेली. निवृत्त झाल्यावर छाणीला स्टिकर छापणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांना बोलावलं होतं. तिथे निकेलच्या ठशावरून प्लास्टिकच्या फितीवर होलोग्राम दाबून काढायचे, हजारोंनी, नकली माल ओळखता यावा म्हणून. पंधरा दिवस टिकले. सोळाव्या दिवशी गिऱ्हाईक आलं आणि त्याने विचारलं, ह्याची नक्कल होऊ शकते का? मालकाने नाही म्हणायच्या आत काकांनी कशी करायची ते समजावून सांगितलं.

देवाधर्माचं म्हणाल तर काका देव्हाऱ्याकडे फिरकत नसत. "मी नमस्कार करत नाही, पण आडवाही येत नाही," एवढंच धोरण. देव काकूंचे. देव्हाऱ्यात चांदीचे टाक होते. मराठ्यांच्या घरी असतात तसे, बोटभर उंचीचे पत्रे, त्यांवर ठोकून उठवलेल्या मूर्ती. खंडोबा, भवानी, आणि एक वीराचा टाक. वीर म्हणजे त्या घराण्यातला लढाईत पडलेला पूर्वज, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. कोणत्या लढाईत पडला ते कुणालाच माहीत नव्हतं. काकू रोज टाक धुवायच्या, अंगठ्याने पुसायच्या, अंगठ्यानेच गंध लावायच्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनी तेच केलं. त्यामुळे झालं असं की टाक झिजून गुळगुळीत झाले. बघणाऱ्याला कोण कोणता कळत नसे. काकू डोळे मिटून अंगठ्याने ओळखायच्या.

त्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. गुरुजी घरी आले, देव्हारा बघितला आणि म्हणाले, "चेहरा गेलेला देव पुजू नये हो. नव्या सुनेच्या हाती असे देव देऊ नका. नवे घडवा, हे चांदोदला नर्मदेत सोडा." सर्वपित्री अमावास्येला सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला नवे बसवायचे, असं ठरलं. काकू हो म्हणाल्या. मुलाच्या संसाराला दोष नको, आणखी काय म्हणणार? पण दुपारी वर आल्या आणि माझ्या शिवणाच्या मशीनपाशी बसून बराच वेळ दोऱ्याचं रीळ हातात फिरवत राहिल्या. मला वाईट वाटलं. मी चहा टाकला.

नवे टाक आले. सोनाराच्या ठशातले, लखलखीत. वीराला टोकदार मिशा होत्या.

दोन दिवसांनी काका वर आले. घंटा न वाजवता, चप्पल घालून, म्हणजे सहज. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बेन, वीराच्या नाकापाशी चांदी उरलीच नाही. खालचा तांब्याचा पत्रा लागला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मापलं मी. घोड्याचं तोंड शाबूत आहे. घोड्याला कुणी गंध लावत नाही ना. चेहऱ्यापाशी खळगा पडलाय. थोडा आईच्या अंगठ्याचा, खोल आहे तो हिच्या अंगठ्याचा. वेगवेगळा कळतो. हिचा अंगठा जरा तिरका पडतो."

"मग काकूंना सांगा की हे."

"तिला काय सांगायचं? तिनेच केलंय."

म्हटलं, काय माणूस आहे! बायकोच्या सदतीस वर्षांचं माप काढलं आणि सांगायला आला शिवणवालीकडे. मी म्हटलं, "मग नदीत सोडायच्या आधी फोटो तरी काढून ठेवा."

फोटो म्हटल्यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "फोटोत खळगा काळा डाग म्हणून येतो. झीज म्हणजे खोली आहे. हिच्या हाताचा होलोग्राम मला घेता येत नाही. जिवंत हात किती दाबून धरला तरी हलतो, माझा लेझर तेवढा जोरकस नाही. तेव्हा हाताने जे केलंय ते तरी घेतो." मग उठताना म्हणाले, "पाच काचा उरल्यात. बनवणाऱ्यांनी त्या बनवायच्या बंद केल्या. अमावास्येला सोळा दिवस आहेत."

इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

काकूंनी परवानगी दिली, पण एका अटीवर. मायक्रोमीटरच्या जबड्यात वीर धरलेला त्यांनी बघितला होता. "तुम्ही हात लावायचा नाही. तुम्ही देवाला पुर्जा समजता." तेव्हा असं ठरलं की काकांनी वाळूत वीट बसवायची, विटेपुढे टाकाच्या मापाचा पत्रा टेकवून सगळं जुळवून घ्यायचं, मग दिवे बंद करून मंद हिरवा बल्ब लावायचा आणि त्या उजेडात काकूंनी पत्रा उचलून त्या जागी वीर टेकवायचा. काचेला हिरवा उजेड बाधत नाही, पण त्यात माणसाला काही धड दिसतही नाही. काकूंना दिसण्याची गरज नव्हती. मग घंटा. वीस मिनिटं सगळं थिरावू द्यायचं, वीस सेकंद लेझर सोडायचा, पुन्हा घंटा. दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा बडोदं झोपलेलं असतं.

पहिली काच फुकट गेली. काका वर आले. "मशीन चालू होतं?"

"नव्हतं. मी पाटावर बसून होते, देवळात बसावं तशी."

दुसरी गेली. "पंखा?" तोही बंद होता. घामाने आभल्यांचं, म्हणजे बारीक आरसे टाचायचं, कापड भिजलं होतं माझं. नवरात्र तोंडावर आलेलं, गरब्यासाठीच्या बावीस चणियाचोळ्या शिवायच्या बाकी. बडोद्यात ह्या महिन्यात शिवणवालीने उशीर केला तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तोंड दाखवत नाही. तरी मी रोज दोन तास मशीन बंद ठेवत होते.

तिसरी काच गेली आणि काका चिठ्ठी घेऊन आले. तोंडाने बोलले नाहीत, चिठ्ठीच दिली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'अमावास्येपर्यंत शिवणयंत्र पूर्ण बंद ठेवावे, अन्यथा दुसरे घर पाहावे.'

माझं डोकंच फिरलं. मी चिठ्ठी घेऊन तशीच खाली गेले. "काचा दाखवा," म्हटलं.

"खराब काचा मी दाखवत नाही."

"घरातनं काढताय ना? मग कशासाठी ते दाखवा."

त्यांनी तिन्ही काचा काढून दिव्याखाली धरल्या. मी बघितलं. वीट होती. अगदी हाताने उचलावी अशी, तिचा उडालेला कोपराही दिसत होता. वाळूचे कण दिसत होते. आणि विटेच्या पुढे, मधोमध, टाकाच्या आकाराचा काळाकुट्ट अंधार. तिन्ही काचांत तेच.

"वीट आलीय," मी म्हटलं. "वाळू आलीय. मग माझं मशीन काय फक्त देवालाच हलवतं?"

"वीट जड आहे. टाक हलका पत्रा. हलका आधी थरथरतो."

"बरं. तिसरी काच कधी घेतलीत?"

"मंगळवारी. दोन वीसला."

"मंगळवारी मी दुपारभर मांडवीला आभली आणायला गेले होते आणि हे ड्यूटीवर होते. वर कुलूप होतं, काका! किल्ली मी काकूंजवळच दिली होती."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मापाचा माणूस, चुकलेलं माप मान्य करायला त्यांना वेळ लागला नाही. "म्हणजे फक्त टाक हलतोय," ते स्वतःशीच म्हणाले. "खालून. टाकाच्याच खालून."

दारात काकू उभ्या होत्या, हाताला पीठ. म्हणाल्या, "पान होतं खाली."

"कसलं पान?"

"विड्याचं. एवढंसं, कातरून. नुसत्या वाळूवर कसं बसवायचं त्यांना? पितृपक्ष चाललाय."

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. मला वाटलं आता ओरडतील. पण आवाज चढवलाच नाही. "पान खुडलं तरी मरत नाही लगेच," म्हणाले. "सुकत असतं, वळत असतं, पाणी सोडत असतं. डोळ्यांना नाही कळत. काचेला कळतं. तीन काचा गेल्या."

"मला काय ठाऊक तेवढ्याशा पानानं एवढं होतं!" काकूंचे डोळे भरून आले. "पण आसनाशिवाय मी ठेवणार नाही. नाही निघाला होलोग्राम तर राहू दे."

"पानावर निघणार नाही."

"मग नाही."

झालं. दोघांचं बोलणं बंद. मधे मीच. मी म्हटलं सुपारी ठेवा. काका म्हणाले गडगडते. तांदूळ? सरकतात. कापड? कापड तर पानाहून वाईट. काकू म्हणाल्या, आणि पितरांना आसन म्हणून कापडाची चिंधी देतात का कुणी? मी हात टेकले. माझ्या चिठ्ठीचं पुढे काय, हे विचारायचं राहूनच गेलं. मशीन चालू केलं, कुणी काही म्हटलं नाही.

मग दोन दिवस खालून कानस चालल्याचा आवाज येत होता. खर्र खर्र, थांबून थांबून. अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली गेले, तर काकूंच्या ओट्यावर एक विड्याचं पान होतं. पितळेचं. पातळ, अंगठ्याएवढं, मधली शीर, तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक शिरा, कडेला किंचित वळलेलं, आणि देठसुद्धा. काका बाजूला चहा पीत होते, पेपरात तोंड घालून.

काकूंनी पान उचललं, उलटंसुलटं केलं. "देठ देवाकडे येतं ना?"

"मावतं दोन्हीकडनं. बघितलंय मापून."

"बरं," काकू म्हणाल्या.

दुपारी दोनला घंटा होणार, तर पावणेदोनला समोरच्या मैदानात गरब्याचा मंडप ठोकायला माणसं आली. घणाने खुंट्या मारायला लागली. काकांच्या भिंतीवरच्या रेघांचं काय झालं असेल, मला वरूनच कळलं. मी धावत मैदानात गेले आणि माझ्या मोडक्या गुजरातीत म्हटलं, "भाई, वीस-पच्चीस मिनिट. काकाने घेर पितृनुं काम छे." मंडपवाल्याने लगेच घण खाली ठेवला, डोक्यावरचा रुमाल काढला. म्हणाला, "बेसो बेन, अमे बेठा." आणि आम्ही सगळेच तिथे खुंट्यांच्या ढिगाशेजारी बसून राहिलो. मी एक बोटही हलवलं नाही. खोटं सांगत नाही, श्वाससुद्धा हळू घेत होते.

संध्याकाळी धुतलेली काच वाळली. काकांनी मला बोलावलं, पण बोलले माझ्याशी नाहीत. दिवा लावला आणि बाजूला झाले. काकू पुढे आल्या.

काचेपलीकडे दोन बोटं आत, वीर होता. सोनेरी-हिरवट उजेडाचा. घोड्याचं तोंड, तलवारीची मूठ, आणि चेहऱ्याच्या जागी तो खळगा, गुळगुळीत, तिरका. खाली पितळी पान, देठ वीराकडे. काकूंनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

"हा माझ्या अंगठ्याचा," म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

मग काकूंनी नेहमीच्या सवयीने करंड्यात अंगठा बुडवला आणि वीराला गंध लावायला गेल्या. अंगठा काचेवर टेकला. वीर आत, कुंकू बाहेर. "लागतच नाही हो त्यांना," म्हणाल्या. मी काकांकडे बघितलं. माझ्या नणंदेचा अपमान आठवला. काकांनी काच उतरवली नाही. म्हणाले, "देव्हाऱ्यात ठेवायची तर ठेव. काचेच्या लेपातही चांदीच असते."

दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, जुने टाक चांदोदला गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी घट बसले, नवे देव बसले, मिशावाला वीर पितळी पानावर बसला. त्याच्या मागे काच. काकांनी देव्हाऱ्याच्या कमानीत एक छोटा दिवा बसवला आणि त्याचा स्क्रू लाखेने सील केला, कुणी कोन बदलू नये म्हणून. माझ्या चिठ्ठीबद्दल ते कधीच बोलले नाहीत. मात्र दिवाळीच्या सुमारास माझ्या मशीनच्या पायांखाली घालायला रबराचे चार गोल आणून दिले, माप घेऊन कापलेले. पाचवी काच त्यांनी वापरली नाही.

पुढे आम्ही स्वतःचं घर घेतलं आणि कारेलीबाग सुटली. काका गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावला होते, आईच्या आजारपणात. बाराव्यालाही पोचले नाही. त्याची चुटपुट लागून राहिली. गेल्या नवरात्रात मुद्दाम काकूंकडे गेले. मागच्या खोलीत ट्यूबा बसलेल्या, लादी जमिनीला टेकलेली. वर नवे भाडेकरू धाडधाड चालत होते. मला उगाचच राग आला त्यांचा.

देव्हाऱ्यापुढे बसले. दिवा चालू होता. काचेत वीराच्या चेहऱ्यापाशी अंगठ्याएवढा भाग पार साफ झाला होता, आरपार. रोज गंध लावायचं, रोज पुसायचं. इतक्या वर्षांत लेप झिजून गेला. त्या ठिकाणी खळगाही नव्हता, काहीच नव्हतं, मागची भिंत होती. मला एकदम भडभडून आलं.

"अहो काकू, पुसले गेले हो ते! काकांनी केवढ्या खटपटीनं..."

"अगं, ह्यांनीच सांगून ठेवलं होतं मला," काकू वाती वळता वळता म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात. मी बिचकत होते हात लावायला. तर म्हणाले, घास तू, चांदी आहे, झिजायचीच. खिडकीच्या काचेवर डाग पडला म्हणून बाहेरचं झाड जातं का? बाजूनं बघायचं. डोकं जरा डावीकडे घे."

मी डोकं डावीकडे घेतलं. झिजलेल्या जागेच्या बाजूच्या काचेतून वीर दिसायला लागला. घोडा, तलवार, पितळी पानाचं देठ, आणि चेहऱ्यावरचा तो तिरका खळगा, जसाच्या तसा. वर कुणीतरी खुर्ची सरकवली. मी हलले नाही.